नावपट्ट्या

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी मी लॉकर खरवडायला घेतो.
पंधरा लॉकर. नावं दहाच.
जुन्या पट्टीखाली डिंक, डिंकाखाली अजून एक पट्टी,
तिच्याखाली कुणाचं तरी अर्धं आडनाव,
'…नबर्ग'. कुठला बरं हा? तो डावखुरा?
की ज्याची आई हरल्यावरही माझ्यासाठी केक ठेवून जायची?
आठवत नाही. सव्वीस वर्षं या कॉलेजात टॉवेल धुतोय,
एवढं विसरणं मला माफ असावं.

चार नंबर रिकामा आहे.
टेव्हियन ब्रॅक्सली एप्रिलमध्ये गेला
दक्षिणेतल्या बड्या कॉलेजात. तिथे म्हणे
गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, घोट्याचा वेगळा.
रागावलो नाही मी. पंख फुटले की कुणी फांदी धरून बसत नाही.
पण शेवटची दोन मिनिटं, एका गुणाची पिछाडी,
समोरचे दोघे अंगावर धावून येताहेत,
तेव्हा चेंडू कुणाच्या हातात असायचा?
प्रुइट सर फळ्यावर पाच गोल काढतात.
चारांत नावं लिहितात.
पाचव्यात प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

अकरा संघांत पेपरवाल्यांनी आम्हाला नववं ठेवलंय.
अकरावं ठेवलं असतं तर चिडलो असतो,
तिसरं, तर बायकोला न सांगता नवी टोपी घेतली असती.
नववं म्हणजे आमच्याकडे बघत
कुणीतरी जांभई दिली आणि पान उलटलं.

मार्लीसच्या हॉटेलात सकाळी सहाला
ऑर्विल आणि त्याचं टोळकं अंड्यांवर मिरपूड शिंपडत
संघ निवडतं. उंटावरून शेळ्या हाकायला
आयोवात उंट लागत नाही, गरम कॉफी पुरते.
"तो आफ्रिकन पोरगा उंच आहे, पण हात साबणाचे."
"लिथुआनियाचा तो टाडास लांबून फेकतो झकास,
पण चेंडू दुसऱ्याला देणं त्याच्या धर्मात बसत नाही."
"आणि रेन्शचा गुडघा?"
यावर सगळे गप्प. सगळ्यांनाच गुडघे आहेत.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं.
रेन्श जिन्यावर दिसण्याआधी मला ऐकू येतो,
एक पायरी पुरी, एक अर्धी.
आणि मामादू सिला, सात फुटांना एक इंच कमी,
कोनाक्रीहून आल्यापासून रोज ड्रायरला पाठ टेकून
शेकत उभा राहतो. परवा त्यानं न सांगता
सगळे टॉवेल घडी करून ठेवले, माझ्यापेक्षा नीट.
हात साबणाचे म्हणे!

संध्याकाळी दारात एक बुटका पोरगा.
वेंडेल. स्कूल बस चालवणाऱ्या डार्लाचा.
ना शिष्यवृत्ती, ना पोस्टरवर फोटो,
सरावाला माणूस कमी पडतो म्हणून घेतलेला.
बूट फाटलेत म्हणाला, जुने असतील तर चालतील.
जुने होतेच. कपाटाच्या तळाशी, टेव्हियनचे,
डाव्या टाचेवर पेननं काढलेली चांदणी.
"त्याचे?" त्यानं विचारलं. आवाज एकदम लहान झाला.
"एक नंबर मोठे होतील," मी म्हणालो.
त्यानं दोन मोजे चढवले आणि गेला.

नऊला मला कुलूप लावायचं असतं.
सव्वानऊ झाले. आतून चेंडूचा आवाज,
फक्त डाव्या हाताचा. मी कानानं ओळखतो.
ठप, ठप, ठप, आणि मग बुटावर आपटून
गडगडत बाकांखाली. पुन्हा ठप, ठप.
अठरापर्यंत गेला एकदा. मी मोजत होतो
हे मला अठरावर कळलं.

घोडामैदान जवळच आहे. तीन आठवडे.
बहुधा नववेच येऊ. कदाचित दहावे.
छापील पट्टी मी डिसेंबरपर्यंत कुणालाच लावत नाही,
हल्ली पोरं डिंक सुकायच्या आत जातात.
साधी चिकटपट्टी फाडली, पेननं लिहिलं: ऑस्गुड.
चार नंबरवर लावली.
प्रुइट सरांना विचारलं नाहीये.
आणि स्पेलिंगमध्ये शेवटी ई येतो का,
तेही सकाळी डार्लाला विचारायला हवं.